न जन्मलेल्या गड्याला लागलेली दृष्ट

या दोन डोळ्यांनी मी एक सात फूट दोन इंचांचा गडी आजारी पाडला, आणि तो गडी कधी जन्मालाच आलेला नव्हता. नका ठेवू विश्वास. इथे लेबनॉनमधल्या आमच्या झाहले गावात आजवर कुणीच ठेवलेला नाही.

गड्याचं नाव झुराब. माझा मेहुणा नेसीब, त्याच्या संघातला. संघ म्हणजे संगणकावरचा: बास्केटबॉलचे खेळाडू सगळे खोटे, मालक तेवढे खरे. आठवड्याला तीन सामने, आणि कोण किती मिनिटं खेळणार एवढंच आपण ठरवायचं. आठवड्याकाठी तासभर खेळवला तर गड्याचा फॉर्म टिकतो. बसवून ठेवला तर गंजतो, दामटला तर पिळून निघतो. आणि एखादा सामना सगळा जोर लावून जिंकायला गेलात, तर पुढचे दहा दिवस अख्ख्या संघाचं तोंड उतरलेलं.

हा खेळ नेसीबला शिकवला मी. ज्याला खिडकीतला पुदिना जगवता येत नाही, त्याच्या संघाचं मनोबल बारा महिने शिखरावर, आणि माझ्या संघातली पोरं सदा रुसलेली. रविवारी चर्चच्या अंगणात लोक त्याला विचारायचे, झुराब कसा आहे, जसा काही सख्खा भाचा. एकदा तर पाद्रीबाबांनीही विचारलं, माझ्यासमोर. माझ्या एकाही खेळाडूचं नाव त्यांना बाप्तिस्म्याच्या वहीत शोधूनसुद्धा सापडलं नसतं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

आणि त्यात खोऱ्याच्या चषकाची अंतिम लढत आली, त्याच आठवड्याच्या शनिवारी. त्याचा संघ आणि माझा.

आमच्याकडे कुणाचं कौतुक केलं की लगोलग देवाचं नाव घ्यायचं, नाहीतर दृष्ट लागते. सोमवारी मी नेसीबकडे गेलो. तो कॉफी ओतत होता. संगणकाच्या पडद्यावरच्या झुराबकडे बघून म्हणालो, काय खांदे आहेत पोराचे. आणि देवाचं नाव कॉफीच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. दुसऱ्या दिवशी झुराबचा फॉर्म एक पायरी खाली. मग पायांचं कौतुक केलं. आणखी एक पायरी. बुधवारी त्याच्या चित्रात डोळ्यांखाली काळी वर्तुळं उमटली. नेसीबनं घाबरून पडद्याला निळा मणी बांधला. मी म्हणालो, काय सुरेख मणी आहे, तर मणी तडकला. गुरुवारपासून आतून खोकल्याचा आवाज यायला लागला. शनिवारी झुराबनं अकरा फ्री थ्रो हुकवले आणि मी एका गुणानं चषक घेतला.

हे सगळं मी तुतीखाली बसून तिघा शेजाऱ्यांना सांगत होतो. ओदेत, माझी धाकटी बहीण, नेसीबची बायको, शेजारीच बसून हिरव्या बदामांना मीठ लावत होती. शेजारी हसत होते, म्हणून मला आणखी चेव आला. म्हटलं, शुक्रवारी तर पडद्यातून इतका घाम ठिबकत होता की हिनं खाली परात ठेवली. खोटं वाटत असेल तर विचारा हिला.

ओदेतनं मिठाचे हात स्वतःच्या एप्रनला नाही, माझ्याच रुमालाला पुसले.

"दादा, त्या आठवड्यात नेसीब घरी होता कुठे? पित्ताशय काढायला बेरूतच्या इस्पितळात पडला होता, आणि मी त्याच्या उशाशी. संघ तुझ्या हाती देऊन गेला होता तो. गाडीत बसतानाही सांगत होता, झुराबला तासाच्या वर खेळवू नकोस." तिनं ताट माझ्यापुढून उचललं आणि शेजाऱ्यांपुढे ठेवलं. "कुणी किती खेळलं ते संगणकावर अजून लिहिलेलं आहे. परत आल्यावर त्यानं ते पान उघडलं नाही, मी उघडलं. तिन्ही सामने, एकदाही बसवला नाहीस. एकशे चव्वेचाळीस मिनिटं, दादा."