नानांनी किडनी दिली नाही

माझे वडील अभिमन पाटील, म्हणजे आमचे नाना, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी कालव्याचं पाणी पाळीप्रमाणे सोडलं आणि पाळीप्रमाणे बंद केलं. कोणाची पाळी सकाळी दहाला संपत असेल तर ती दहालाच संपायची. शेवटच्या चार सऱ्या राहिल्यात, तेवढ्या भिजू द्या, असं म्हणणारा माणूस समोर हात जोडून उभा असायचा आणि नाना गेटचं चाक फिरवत असायचे. आमचं गाव पारोळ्यापासून अकरा किलोमीटरवर, आणि गावातली निम्मी शेतं त्याच कालव्यावर. त्यामुळे गावात नानांना मान होता, पण लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरायची.

लोटनकाका त्यांचे चुलत भाऊ. घराला घर लागून. नऊ वर्षांपूर्वी काकांनी पाळी नसताना कालव्यात पाइप टाकला. नानांनी तो जप्त केला, जागेवरच पंचनामा केला आणि साक्षीदार म्हणून काकांच्याच बायकोची सही घेतली, कारण त्या वेळी शिवारात दुसरं कोणी नव्हतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मागच्या जानेवारीत नानांच्या पोटात दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून पारोळ्यात सोनोग्राफी केली. गॅस काही निघाला नाही, डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला गाठ निघाली. मी धुळ्याला शाळेत शिकवतो. आठवड्याची रजा टाकून नानांना आणि आईला घेऊन जळगावला गेलो.

जळगावचे डॉक्टर चाळिशीतले, शांत होते. त्यांनी सीटी स्कॅन बघितला आणि कागदावर किडनीचं चित्र काढलं.

"गाठ चार सेंटिमीटरची आहे," ते म्हणाले. "बहुतेक वाईट असावी, पण वेळेत सापडली. पूर्ण किडनी काढायची गरज नाही. एवढा भाग काढू, बाकीची राहील आणि कामही करेल."

आईनं माझा दंड घट्ट धरला. नाना चित्राकडे बघत होते.

"कापताना रक्ताचं काय?" त्यांनी विचारलं.

"किडनीला रक्त नेणारी नळी चिमटा लावून बंद करतो. गाठ काढतो, शिवतो, चिमटा सोडतो."

नाना खुर्चीत पुढे सरकले. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी दिसली.

"म्हणजे आवर्तन बंद ठेवून दुरुस्ती."

"काय?"

"कालव्याला भगदाड पडलं तर आम्ही वरचं गेट बंद करतो. काम होईपर्यंत खालचं पीक वाळतं. तुम्ही किती वेळ बंद ठेवणार?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पंचवीस मिनिटांच्या आत."

"आणि अठ्ठावीस झाली तर?"

"तर मी घाबरेन. तुम्ही झोपलेले असाल."

"वेळेची नोंद कोण ठेवतं?"

"भूलतज्ज्ञ."

"लेखी?"

"लेखी."

नानांचं समाधान झालं. माझं झालं नव्हतं, पण मला कोणी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी संमतीपत्र आलं. नानांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. नर्स दोनदा येऊन गेली. जिवाला धोका होऊ शकतो, हे वाक्य त्यांनी बोट ठेवून वाचलं आणि म्हणाले, "हे छापायलाच लागतं. आमच्याकडेही असायचं." मग सही केली. सही बघितली, आणि शेजारी पुन्हा एकदा केली. पहिली सही थरथरलेली होती. नर्सनं विचारलं दोन कशाला, तर म्हणाले, "वरची रद्द समजा." स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता छताकडे बघत राहिले.

साडेतीन तास लागले. आई खुर्चीवर बसून पदराचं टोक गुंडाळत होती आणि सोडत होती. डॉक्टर बाहेर आले तेव्हा ती उभी राहिली. गाठ पूर्ण निघाली, किडनी वाचली, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई खाली बसली आणि बराच वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "स्वप्नील, लताबाईले फोन लाव. घरना चूल्हाकडे ती देखी ऱ्हायनी." लताकाकू आमच्या समोरच्या घरात राहतात. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे होती.

हा फोन लावायला नको होता, हे मला नंतर कळलं.

दवाखान्यात रेंज फक्त लिफ्टजवळ होती, तीही लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर असली तर. आई तिथे उभी राहून मोठ्यानं बोलत होती. तिनं सांगितलं की डॉक्टरांनी किडनीतला भाग काढला. लताकाकूंना ऐकू आलं, किडनी काढली. मग आईनं लोटनकाकांच्या तब्येतीची चौकशी केली, "लोटनभाऊ कसा शेत? त्याबी धुयाले दवाखानामा शेत ना?" कारण लोटनकाकाही त्याच आठवड्यात मुतखड्यासाठी धुळ्यात ऍडमिट होते. ते माणुसकीनं विचारणं होतं. पुढचं बोलणं तुटलं.

लताकाकू वाईट बाई नाहीत. नंतर त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तूच सांग. दोन भाऊ, दोन्हीस्ना किडनीना आजार, एकना काढी, आणि तुनी माय दुसरानी चौकशी करस. मी काय समजू?"

संध्याकाळपर्यंत गावात ठरलं की अभिमननानांनी नऊ वर्षांचं वैर विसरून लोटनला किडनी दिली.

नाना तेव्हा शुद्धीवर येत होते. डोळे उघडल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ बंद होतं?" मला माहीत नव्हतं. डॉक्टर राउंडला आले तेव्हा म्हणाले, "एकोणीस मिनिटं."

"चांगलं काम केलं," नाना म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांनी हे वाक्य हाताखालच्या एकाही माणसाला म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वही मागवली. पलंगाला लघवीची पिशवी लावलेली होती आणि त्यावर आकडे होते. नाना दर तासाला मान वाकडी करून आकडा वाचायचे आणि वहीत लिहायचे. नर्सचा तक्ता वेगळा होता. दुपारी दोघांच्या आकड्यांत चाळीस मिलीलिटरचा फरक आला. नर्स म्हणाली, आजोबा, एवढं चालतं. नाना म्हणाले, "गळती कुठं आहे ते शोधावं लागेल." शेवटी नर्सनं पिशवी सरळ टांगली आणि दोघांनी एकत्र वाचलं. नानांचा आकडा बरोबर निघाला. त्या दिवसापासून ती नर्स आपला आकडा लिहिण्याआधी त्यांना विचारायची.

इकडे लोटनकाका धुळ्याहून एसटीनं गावी उतरले. खडा दुर्बिणीतून काढला होता, दोन दिवसांत सुट्टी मिळाली होती. स्टँडवर तरुण मंडळाचा नीलेश भेटला. त्यानं काकांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "काका, जपून चाला. नानांची किडनी आहे."

काकांना वाटलं मुलगा चेष्टा करतोय. पण चहाच्या टपरीवर लोक उठून उभे राहिले, त्यांना बाकावर जागा दिली, आणि एकानं विचारलं, "नानानी किडनी चाली ऱ्हायनी ना व्यवस्थित?"

काका घरी गेले आणि शर्ट काढून आरशासमोर उभे राहिले. कुठेही टाका नव्हता. बाहेर येऊन त्यांनी पोट उघडं करून लोकांना दाखवलं. लोक म्हणाले, आता सगळं दुर्बिणीतूनच करतात, तुम्हीच म्हणाला होता दुर्बीण म्हणून. तेव्हा काकांना स्वतःलाच शंका यायला लागली. कमरेखाली बधिर केलं होतं आणि त्यांना मध्ये झोप लागली होती. त्यांनी धुळ्याच्या डॉक्टरांना फोन केला.

"साहेब, माझ्या पोटात किडन्या कोणाच्या आहेत?"

"तुमच्याच. दोन."

"पक्कं ना?"

"सोनोग्राफीत मोजल्यात."

"तसं लिहून मिळेल का?"

डॉक्टरांनी फोन ठेवला. काकांनी गावाला सांगून बघितलं, तर उलटंच झालं. बायका त्यांच्यावर चिडल्या. भावानं शरीराचा तुकडा तोडून दिला आणि हा माणूस मान्यसुद्धा करत नाही. काकांची बायकोही दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

सहाव्या दिवशी नानांना सुट्टी मिळाली. मी भाड्याची गाडी केली. एरंडोल, पारोळा करत आम्ही चारच्या सुमारास गावात शिरलो. खोकला आला की टाके दुखायचे, म्हणून नानांनी पोटाशी उशी धरली होती. ग्रामपंचायतीपाशी बॅनर होता. त्यावर नानांचा निवृत्तीच्या वेळचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात, 'किडनीदाते श्री. अभिमन पाटील यांचे हार्दिक स्वागत.'

"गाडी थांबव," नाना म्हणाले.

"घरी चला," आई म्हणाली. "हार घ्या आणि चला. लोकं प्रेमानं करी ऱ्हायनात."

आईचं मला समजत होतं. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच गाव आमच्या घराला हार घालायला उभं होतं. पण नाना उशी धरून उतरले. नीलेशनं खुर्ची दिली, शाल पांघरली, नारळ दिला. साठसत्तर लोक असतील. नाना बसूनच बोलले.

"मी कोणालाही किडनी दिलेली नाही. माझ्या किडनीत गाठ होती. खालचा भाग कापून टाकला. तेवढंच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, केवढा नम्रपणा. नाना गोंधळले. त्यांनी आणखी एकदा, सेंटिमीटरसकट सांगितलं. टाळ्या वाढल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढं असहाय मी त्यांना ऑपरेशनच्या आधीही बघितलं नव्हतं.

तेवढ्यात मागून लोटनकाका पुढे आले. गर्दी बाजूला झाली. सगळ्यांना वाटलं, आता पाया पडणार.

"हाऊ माणूस खरं बोली ऱ्हायना," काका म्हणाले. "यानी माले काहीच दिधं नही. नऊ साल पहिले पाणी मांगं, ते दिधं नही. तो किडनी कसाले दी?"

मग लताकाकूंच्या तोंडून हसू फुटलं, आणि मग सगळी ग्रामपंचायत हसायला लागली. हा पुरावा गावाला पटला. चौतीस वर्षांचा अनुभव होता प्रत्येकाला. नानाही हसायला लागले, पण टाके ओढले तसे कळवळले, आणि उशी पोटाशी आवळून हसू दाबायला लागले. काकांनी पुढे होऊन त्यांच्या खुर्चीची पाठ धरली.

"हसू नको," ते म्हणाले. "टाका तुटतीन."

नऊ वर्षांनंतर त्यांनी नानांना म्हटलेले हे पहिले शब्द. नीलेशनं शाल परत मागितली नाही. बॅनर मात्र लगेच उतरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्याकडे आले. ओट्यावर बसले आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. आईनं चहा ठेवला.

"दुखस का?" त्यांनी विचारलं.

"खोकलं की दुखस."

"मना खडा साबूदाणाएवढा व्हता," काका म्हणाले. "तरी मी आखी रात्र आरडाओरडा करा. तुनी तं किडनीच कापी." मग म्हणाले, "तुले भीती वाटनी का?"

मी दारात उभा होतो. हा प्रश्न मी विचारला नव्हता, आईनंही नाही. नाना कपाकडे बघत म्हणाले, "सही करताना वाटनी."

काकांनी मान हलवली. त्यानंतर ते रोज सकाळी यायला लागले.

काढलेला भाग तपासायला गेला होता. त्याचा रिपोर्ट यायला बारा दिवस लागले. त्या दिवसांत नाना दवाखान्याबद्दल सगळं बोलायचे, रिपोर्टबद्दल नाही. आई रोज देवाजवळ थोडी जास्त वेळ बसायची. शेवटी मी शाळेतून अर्धा दिवस घेऊन जळगावला गेलो. डॉक्टरांनी पाकीट उघडलं, वाचलं आणि मला समजावून सांगितलं. मी बाहेर पायरीवर येऊन घरी फोन लावला. नानांनीच उचलला.

"कॅन्सर होता," मी म्हणालो.

मी घाईनं पुढचं बोललो, "पण सगळा निघाला. कडा मोकळ्या आहेत. पुढे औषध नाही, काही नाही. फक्त सहा महिन्यांनी स्कॅन."

"कडा मोकळ्या म्हणजे सगळ्या बाजूंनी?"

"सगळ्या बाजूंनी."

"बरं," नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. फोन त्यांच्या हातातून कोणीतरी घेतला. मला वाटलं आई असेल, पण लोटनकाका होते.

"भाऊ, तो रडी ऱ्हायना," काका म्हणाले. "तू काय सांगं त्याले?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. काकांनी प्रत्येक वाक्यानंतर ते आत ओरडून आईला कळवलं. मग त्यांनी विचारलं की मी जेवायला येतोय का, कारण आईनं वरण-बट्टीचं पीठ मळायला घेतलंय, आणि तेही तिथेच जेवणार आहेत. मी येतो म्हणालो आणि स्टँडवर पारोळ्याची गाडी बघायला गेलो.