चंद्राच्या नाकातली कडी

कसला शहराच्या तलवारबाजारात माझ्या कॉफीला नाव आहे, ते उगीच नाही. सुंठ सढळ घालते मी. पण खरं सांगू? तलवारी बघायला मिळाव्यात म्हणूनच दादाच्या दुकानापुढे शेगडी मांडली. बसून बसून म्हातारी झाले.

जुन्या परदेशी पात्यांवर मुठीजवळ अर्धचंद्राचा ठसा असतो आणि त्या चंद्राला माणसाचं तोंड. आमचे लोहार तस्साच ठसा उठवायचे, म्हणजे गिऱ्हाईक खूश. आमचे बाबाही लोहारच; आई गेल्यावर त्यांनी नवा ठसा कोरला आणि चंद्राच्या नाकात गुपचूप आईची कडी घातली. तोंडही तिचंच. हे फक्त आम्हा भावंडांना ठाऊक. पुढे गाश नदीच्या पुरात भट्टी, ठसा, सगळं वाहून गेलं. आईचा फोटो कधी काढलाच नव्हता. हल्ली डोळे मिटले तरी तिचा चेहरा आठवेना, जीव नुसता कासावीस व्हायचा. बाबांची एक तरी तलवार सापडावी, एवढंच मागत होते.

परवा टेकड्यांकडचा ओशेक आला. मुलाचं लग्न, नवरदेवाच्या हातात ओशेकच्या आजोबांची तलवार द्यायची. आणि मुलीच्या मामाने टोमणा मारलेला, बाजारातली नक्कल आहे म्हणून.

"अदरोबभाई, परदेशी आहे असं चारचौघांत सांगा," ओशेक दादाला म्हणाला. "अब्रूचा प्रश्न आहे."

"आधी कॉफी घे. पहिला पेला संपल्याशिवाय इथे पातं म्यानाबाहेर निघत नाही," दादा म्हणाला.

दादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पेला संपल्यावर त्याने तलवार माझ्याकडे सरकवली. मी शेगडीची काजळी तुपात कालवून ठशावर चोळली, वरवर पुसली. रेघा काळ्याभोर उठल्या. चंद्र. नाक. नाकात कडी.



"कुणाचा गं, शरीफा?" दादाने विचारलं.

परदेशी म्हटलं असतं तर ओशेकचं काम झालं असतं. पण आई पुन्हा हरवली असती. "बाबांचा," मी म्हणाले. "आपल्या बाबांचा, दादा! यात आई आहे." आणि मला रडूच कोसळलं.

ओशेकचं तोंड उतरलं. "म्हणजे नक्कलच! आणि वर बाईचं तोंड? तो मामा आता नाचेल."

दादा भडकला. टोक धरून त्याने पातं पार मुठीपर्यंत वाकवलं आणि सोडलं. खणकन सरळ! "त्या मामाला म्हणावं, तुझं परदेशी पातं असं वाकवून दाखव. आणि ओशेक, तुझ्या आजोबाने जन्मभर कमरेला बांधली ही, त्याला नाही लाज वाटली?"

ओशेक ठशाकडे बघत राहिला. मग एकदम हसायलाच लागला. "आजोबा तलवार उपसताना 'चल बाई' म्हणायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय!" डोळे पुसत माझ्याकडे वळून म्हणाला, "पोराच्या हातात हीच देणार. पण हाज्जा, विकत मागू नका हं."

"मेल्या, मागितली का मी? नुसती धर जरा."

डोक्यावरचा पांढरा पदर मी काजळीवर दाबला. उचलला, तर आई! तीच कडी, तीच हसरी जिवणी. वीस-बावीस वर्षांची पोर, आणि मी सत्तरीची.

"अरे दादा," मी म्हटलं, "किती लहान होती रे आपली आई!"

त्याला काही दिसत नव्हतं. त्याने पदर ओढून गालाला लावला. गाल काळा झाला तरी सोडेना.