कोणत्या देशाची बातमी खरी

अश्वजित इराणात वेल्डर होता. अणुबॉम्बवरून देशादेशांत पेटलेल्या भांडणात त्याच्या खोलीजवळच्या अणुकेंद्रावर हल्ला झाला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. इकडे समुद्रपुरात त्याची आई अन्नपूर्णा तोंडात घास घेईना. धाकटी मयुरी मोबाईलवर बाहेरच्या बातम्या शोधून तिला मराठीत सांगत बसली.

अमेरिकेचं चॅनल म्हणत होतं, केंद्र पार जमीनदोस्त झालं. इराणचं म्हणत होतं, नुकसान किरकोळ आहे, एकही माणूस दगावला नाही. आपल्या चॅनलवर पेट्रोल किती महागणार यावर चौघं भांडत होते. केंद्राजवळच्या कामगारांच्या खोल्यांचं नाव कोणीच काढत नव्हतं.

"इराणवाले तिथलेच हायेत ना वं? मंग त्यायचंच खरं," अन्नपूर्णा म्हणाली. "तेच लाव."

मयुरीलाही तेच खरं असायला हवं होतं. ती तेच पुन्हा पुन्हा लावत राहिली.

दोन दिवसांनी अश्वजितसोबत राहणाऱ्या बिहारी मित्राचा फोन आला. खोलीची भिंत झोपलेल्या अश्वजितवर कोसळली होती. मित्राने रडत रडत सांगितलं आणि स्पीकरवर अन्नपूर्णाने सगळं ऐकलं.

"खोटं बोलून राह्यला तो," ती म्हणाली. "टीव्हीवर काऊन नाई सांगतलं मंग? लाव बरं."

मयुरीने मोबाईल पालथा ठेवला आणि आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आई, टीव्हीवर कोनीच नाई सांगनार. मीच सांगून राह्यली तुले. दादा गेला."

अन्नपूर्णा लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने फोडलेला हंबरडा ऐकून अख्खी गल्ली दारात आली.