सहावं ध्येय आणि कॅप्टनचं नाक

सगळ्या जगाने मिळून सतरा ध्येयं ठरवली, आणि ती आमच्या गावात समजावून सांगायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं? माझ्या! का, तर मी आरोग्यसेविका, आणि माझ्या तोंडाला झाकण नाही, असं आमच्या कॅप्टनचं मत. कॅप्टन म्हणजे फौजेतला नव्हे, निवडून आलेला गावप्रमुख, तेओपिलो. माणूस वाईट नाही हो, फक्त आरशावर जीव फार.

प्रांताच्या कचेरीतून निरोप आला होता. लोकांना ध्येयं सांगा, त्यातलं एक गावाचं पहिलं ध्येय म्हणून निवडा. गुरुवारी मॅडम येऊन लिहून नेतील. जे लिहिलं जाईल त्याला यंदा मदत मिळेल. फक्त त्यालाच.

मला निवडायला क्षणही लागला नाही. सहावं, पाणी. आम्ही राहतो वरच्या वाडीत, चुनखडीच्या डोंगरावर. तिथे ना नळ, ना विहीर. झरा पार खाली. माझी सासू, सगळ्या गावाची लोला म्हणजे आजी, लोला पासिंग, मागच्या उन्हाळ्यात पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन चढताना घसरली आणि पाय मोडून बसली. आता लंगडते, पण ऐकेल तर शपथ. मी कामाला निघाले की गुपचूप कॅन उचलते. आता पुन्हा पडली तर ती उठायची नाही. त्या चढाची मला रोज भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

सांगायची सुरुवात मी घरापासूनच केली.

"नानाय," मी सासूला आईच म्हणते, "शाश्वत विकास म्हणजे..." असं करत मी चांगली दोन पानं वाचून दाखवली.

सासू मका सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे बियाण्याचा मका खाऊ नका, एवढंच ना? त्याला एवढं पाल्हाळ?"

गावासाठी छापायच्या फ्लेक्सवर तेच वाक्य सगळ्यांत वर घालायचं ठरवलं. बाकीची ध्येयंही आमच्या बोलीत एकेका ओळीत बसवली आणि सगळं कॅप्टनच्या हवाली केलं. तिथेच चुकलं माझं.

फ्लेक्स छापून आला तेव्हा मी कपाळावर हात मारला. या टोकापासून त्या टोकापर्यंत कॅप्टन! बत्तिशी दाखवून हसताहेत. माझी ध्येयं कुठे, तर खालच्या कोपऱ्यात, मुंग्यांची रांग असावी तशी.

"अहो कॅप्टन, हे काय? नाकापेक्षा मोती जड!"

"अगं सेंडा, चेहरा ओळखीचा असला की लोक थांबतात. थांबले की वाचतील."

"भिंग लावून?"

"आणि पहिलं ध्येय मी ठरवलंय. तिसरं, निरोगी आयुष्य. बास्केटबॉलच्या मैदानावर छत! पोरं पावसातही खेळतील. शिवाय लग्नं, बिंगो, बाप्तिस्मे, सगळं छताखाली."

"आणि आमचं पाणी?"

"ते पुढच्या वर्षी."

"मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात! लोला पासिंगने पुढच्या वर्षापर्यंत कुठला पाय मोडायचा, तेवढं सांगा."

कॅप्टननी खाली पाहिलं आणि फ्लेक्सची गुंडाळी करायला घेतली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बुधवारी सकाळी फ्लेक्स मैदानाच्या दारावर चढला आणि कॅप्टन पाहुण्यांची सोय बघायला शहरात गेले. मी संध्याकाळी पाहुण्यांसाठी पान्सितच्या शेवया आणि बिबिंकाचा गोड केक करायला खालीच बहिणीकडे राहिले. पाऊस असा कोसळला की बोलता सोय नाही. गुरुवारी उजाडलं आणि बघते तर मैदानाच्या दारावर फ्लेक्सच नाही!

"विरोधकांनी पळवला!" कॅप्टन ओरडत होते. "जळतात माझ्यावर!"

तेवढ्यात कचेरीतल्या जोवेलिन मॅडम आल्याच. पान्सित खाल्लं, दोनदा वाढून घेतलं, मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "वरच्या वाडीचं कुणी दिसत नाही?"

"पाण्याला गेलीत, मॅडम," मी पटकन म्हणाले. "या वेळेला रोजच जातात."

"मग आपणच वर जाऊ या की."

कॅप्टनचं तोंड बघण्यासारखं झालं. नवाकोरा पांढरा सदरा, वर ऊन, आणि तो चढ. ते चढता चढता थांबत होते, वाकत होते, देवाचं नाव घेत होते. मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

वर पोचलो आणि मी जागच्या जागी थिजले. आमच्या अंगणात खड्डा, खड्ड्यात कालच्या पावसाचं पाणी, आणि पाण्याखाली पसरलेले कॅप्टन, बत्तिशी दाखवून हसणारे! सासू काठावर बसून मगाने पाणी उपसत होती.

"जपून गं," ती नातीला म्हणत होती, "कॅप्टनच्या नाकावर गाळ बसलाय, तो ढवळू नकोस."

"लोला पासिंग!" कॅप्टन ओरडले. "तुम्ही माझा फ्लेक्स चोरला?"

"चोरला काय, बाबा? निवडणूक झाली की तुमचे फ्लेक्स आम्हीच उतरवतो ना नेहमी? कुणाचं छप्पर होतं, कुणाचा डुकरांचा आडोसा. हाही त्यातलाच वाटला, म्हणून काल दुपारी पोरांकडून उतरवून आणला नि खड्ड्यात अंथरला. नुसतं तुझं तोंडच दिसत होतं त्याच्यावर!"

मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. मला हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती. आता हा माणूस बिथरला तर पाणी गेलंच म्हणून समजा.

सासूने मात्र एक पेला भरून त्यांच्यापुढे धरला. "पी, दमलास."

"नानाय, ते उकळलेलं नाही!" मी किंचाळले.

"काल साठलेलं रात्रीच उकळून ठेवलंय, तुझ्याच धाकाने. पी रे बाबा. तुझ्यामुळे आज मला खाली उतरावं लागलं नाही. इतक्या वर्षांत तू दिलेली ही पहिली कामाची वस्तू बघ."

टोमणा नव्हता हो तो! तिला खरंच तसं वाटत होतं. कॅप्टननी पेला घेतला, तिच्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं आणि पाणी घोटाघोटाने पिऊन संपवलं.

मॅडमनी पेन काढलं. "मग गावाचं पहिलं ध्येय कोणतं लिहू, कॅप्टन?"

मी वाकून मॅडमच्या कागदात डोकावले.

"सहावं," कॅप्टन म्हणाले. मग घसा खाकरून, "ते तर मी मघाशीच सांगणार होतो."

सांगणार होते म्हणे! पण मी तोंडाला झाकण लावलं. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढे पंप बसला, टाकी झाली, वाडीत नळ आला. मैदान अजून उघडंच आहे, पोरं पावसात भिजत खेळतात. जुना फ्लेक्स सासूने धुऊन डुकरांच्या आडोशाला लावला, चेहरा आतल्या बाजूला. कॅप्टन म्हणाले, "लोला, निदान बाहेरून तरी लावा." ती म्हणाली, "उन्हाने रंग जाईल रे तुझा."

नळाला पहिलं पाणी आलं त्या दिवशी सासूने सगळ्यांना बाजूला सारून आपला कॅन भरला. सवयीने खांद्यावर चढवला, लंगडत वाटेला लागली, आणि मध्येच थांबली. वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "सेंडा, आता हे न्यायचं कुठे गं?"

घर तर समोरच होतं. मी धावत जाऊन तिच्या खांद्यावरचा कॅन उतरवला. आणि मग आम्ही दोघी तिथेच बसून हसलो, रडलो, काय केलं कुणास ठाऊक.