देवाच्या काट्यावरचं वजन

हिंदुरावांच्या विमानाला तीन चाकं, म्हणून कुंभारीच्या भुसार दुकानातून पोती मोजायचे तीन काटे आणले होते. एकेका चाकाखाली एकेक. शेपटाखालचा काटा स्टुलावर ठेवून विमान सरळ केलं आणि गवंड्याची पाणसळ लावून खात्री करून घेतली.

वैजयंती चहाची किटली घेऊन शेडच्या दारात उभी होती. ट्रॅक्टरदुरुस्तीतून वेळ काढून नवऱ्याने कैक वर्षं हे विमान जोडलं, परगावी राहून उडवायला शिकला, आणि उद्या तो पहिल्यांदा त्यात बसून उडणार होता. वजनं मांडायला आलेल्या गुरुशांतअण्णांचा हिशेब चुकला तर नवरा खाली येईल, पण चाकांवर येणार नाही, एवढं विमानातलं तिला कळत होतं.

अण्णांची सारी नोकरी विमानदुरुस्तीत गेली होती. "तुझी शीट मागं हाय," ते हिंदुरावांना म्हणाले. "तू जेवढा जड, तेवढं शेपूट जड. शेपूट लई जड झालं की विमान नाक वर करतंय, आन् मग कुणाचं ऐकत न्हाय. वजन सांग."

"सत्तर."

अण्णांनी हिंदुरावांच्या पोटाकडे पाहिलं. "काट्यावर चढ की."

"चढू नगंस," खाटेवरून हिंदुरावांच्या आई, बजाबाई म्हणाल्या. "देवानं मोजलंय त्याला. परत मोजलं की नवस बाटतो."

गेल्या साली हिंदुराव डेंग्यूतून उठले, तेव्हा बजाबाईंनी खंडोबापुढे त्यांची गुळाची तुला केली होती. एका पारड्यात हिंदुराव, दुसऱ्यात दहा दहा किलोच्या सात ढेपा, आणि ढेपा घसरू नयेत म्हणून सासू-सून दोन बाजूंनी पारडं धरून उभ्या. पारडी बरोबरीला आली आणि गावाने येळकोट केला.

देवापुढे कोण बोलणार? अण्णांनी सत्तर मांडले. "बसतंय. पण काठावर. आनखी दोन किलो पण चालायचं न्हाय."

वैजयंतीने किटली खाली ठेवली. त्या दिवशी गूळ कमी पडला होता. भर जत्रेत सासूचा नवस अपुरा दिसू नये म्हणून तिनेच पदराआडून पारडं दाबलं होतं. हे बोललं तर सासू जन्मभर ऐकवणार. नाही बोललं तर नवरा जाणार. तिला दोन्हींची भीती वाटली, पण नवरा जायची जरा जास्त.

"सत्तर न्हाईत," ती म्हणाली. "पारडं मी दाबलं हुतं."

हिंदुरावांनी पोट आत ओढलं.

"किती दाबलंस?" अण्णांनी विचारलं.

"दहाएक किलो आसंल."

अण्णांनी पुन्हा पोटाकडे पाहिलं. "दहाच?"

बजाबाईंनी पदर सारखा केला. "ह्या बाजूनं मी दाबत हुते की."

अण्णांनी एक काटा रिकामा केला आणि हिंदुराव मुकाट्याने वर चढले. ब्याण्णव.

"उद्याचं ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "सत्तर झालास की बोलव मला."

वैजयंती तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. नवरा वाचला होता.

बजाबाई मात्र विचारात पडल्या होत्या. "म्हंजे ह्यो सत्तर झाला, तर देवाचं बी फिटलं?"

"देवाचं मला म्हाईत न्हाय," अण्णा म्हणाले. "विमानाचं फिटंल."

रात्री हिंदुरावांच्या ताटात अर्धी भाकरी आली. त्यांनी मान वर केली. सासू-सून दोन बाजूंना बसल्या होत्या.