रुमालाने पुसलेली नदी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना माणसं लोंबकळत होती, बायका पोरांना खांद्यावर घेऊन टाचा उंचावत होत्या, आणि समोरच्या लांब टेबलावर आमच्या नदीच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. पहिली वरच्या मळ्यांजवळ भरलेली, शेवटची आमच्या खालच्या वस्तीच्या विहिरीपाशी भरलेली. पहिलीत पाणी फिकट, आणि शेवटच्या बाटलीत म्हणाल तर दाट चहा.

बाहेरगावाहून आलेल्या निवळबाबांनी ती शेवटची बाटली उंच धरली.

"ही तुमची माय! कोणी रडवली हिला?"

"आम्ही!"

"मोठ्याने बोला, माय बहिरी झालीय तुमच्या पंपांनी!"

"आम्हीऽऽ!"

"आणि डोळे कोण पुसणार?"

"बाबा!"

बाबांनी बाटली काचेच्या मोठ्या बरणीत रिकामी केली. खांद्यावरचा पांढरा रुमाल आत बुडवून चांगला खळबळला, पिळला, बरणीवर फडकं झाकलं आणि सगळ्यांना डोळे मिटून "निवळ, माये, निवळ" म्हणायला लावलं. म्हणता म्हणता लोकांचे घसे बसले. मी एक डोळा किलकिला ठेवला होता, म्हणून सांगते, बाबा मधल्या वेळात आत जाऊन चहा पिऊन आले.

फडकं उचललं. तळाशी गाळाची गादी बसली होती आणि वर आरपार पाणी. बरणीमागे धरलेला बाबांचा अंगठा दिसत होता, अंगठ्याचं वाढलेलं नखसुद्धा.

सभागृह हललं. माझ्या शेजारणीला हुंदका फुटला. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? कडेवरचा धाकटा त्या आवाजाने दचकून रडायला लागला, त्याला थोपटता थोपटता मी पाहिलं, तर बाबांचा चेला गाठोड्यातून तसलेच रुमाल काढून फाडत होता आणि मुलांच्या मनगटांना चिंध्या बांधत होता. माझ्या भिंगरीनेही हात पुढे केला. चार वर्षांची आहे, सगळे करतात ते तिला करायचं असतं.

मग बाबा बोलले.

"आता माय आपली आपण निवळणार! काठावर ते गवत-झुडपांचं रान कोणी माजवलंय? तिचा गळा आवळताय तुम्ही. काढा ते. काठ मोकळा करा, जमीन कसा, पिकवा!"

पुढच्या रांगांत मळेवाले बसले होते. टाळ्या तिथून सुरू झाल्या.

ते रान म्हणजे आमच्या नदीमंडळाची सगळी कमाई. वरचे मळेवाले आणि खालची वस्ती, दोघांनी मिळून केलेला करार होता तो. मळेवाल्यांनी काठालगत एका खोलीच्या रुंदीची पट्टी नांगरायची नाही. आम्ही खालच्यांनी वर जाऊन तिथे गवत लावायचं, झुडपं जगवायची, ढासळलेला काठ दगड रचून सावरायचा. शेतातून वाहत आलेलं पाणी त्या गवतात अडतं, माती तिथेच बसते, खत मुळं पिऊन टाकतात, उरलेलं पाणी नदीत उतरतं. त्याच्या खालच्या अंगाला आमची विहीर. आमच्या घरातला प्रत्येक घोट त्या विहिरीचा, आणि धाकट्याला दुधाखेरीज पाणी द्यायला मी नुकतीच सुरुवात केली होती. खत विरघळलेलं पाणी सगळ्यात आधी तान्ह्यांना बाधतं, हे दवाखान्यातल्या बाईंनी बजावून सांगितलेलं. करार दरवर्षी सभागृहात हात वर करून पुन्हा पक्का होतो. यंदाची बैठक पुढच्या रविवारी होती.

हे मंडळ उभं केलं माझ्या दादाने. शाळेत विज्ञान शिकवतो, सगळे त्याला मास्तर म्हणतात. बाटल्या ओळीने मांडायची कल्पना त्याचीच. आणि त्या दिवशी तो व्यासपीठावर, बाबांच्या शेजारच्या खुर्चीत, स्वतःच्या चपलांकडे बघत बसला होता.

मला वाटलं, बिचाऱ्याचा नाइलाज झाला असेल.

घरी आल्यावर भिंगरी ओसरीवर चिंधी चघळत बसली. तिच्या तोंडात काय नसतं? चादरीचं टोक, पेन्सिल, माझा पदर. "काढ ते तोंडातून," असं मी म्हणेपर्यंत तिने नाक मुरडलं, ओठांचा चंबू केला आणि जीभ बाहेर काढून पुसायला लागली.

"ई! आजोबांचा दगड!"

"कुठला दगड गं?"

"तो. दाढीचा."

माझे सासरे न्हावी आहेत. दाढी झाली की गिऱ्हाइकाच्या गालावर तुरटीचा ओला खडा फिरवतात. भिंगरीने तो खडीसाखर समजून एकदा तोंडात घातला होता, तेव्हापासून ती त्याच्याकडे संशयाने बघते.

मी चिंधी जिभेला लावली. आधी किंचित गोड, मग सगळं तोंड आवळून आलं. घरात कुंड्यांसाठी आणलेलं नदीचं गढूळ पाणी होतंच. काचेच्या ग्लासात ओतलं, चिंधी बुडवून ढवळलं, आणि भाजी निवडायला बसले. मंत्र नाही, जप नाही, धाकट्याची किरकिर तेवढी होती. भाजी होईपर्यंत गाळ तळाला आणि वर आरपार पाणी.

मी ग्लास घेऊन आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या दुकानात गेले. त्यांनी एका गालावर फेस असलेल्या गिऱ्हाइकाला तसंच ठेवून ग्लास उजेडात धरला.

"तुरटीच की. आमच्या लहानपणी हंड्यात फिरवायचे. मातीचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. विहिरीचे नळ आले आणि लोक विसरले."

"रुमाल तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवले असतील."

"असतील." आबा जरा घुटमळले. "सूनबाई, तुझा दादा परवा मोठाले खडे घेऊन गेला माझ्याकडून. मला म्हणाला, मुलांना प्रयोग दाखवायचाय."

गिऱ्हाईक म्हणालं, "आबा, फेस वाळला."

दादा शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होता. मी चिंधी त्याच्यासमोर टेबलावर टाकली. त्याने ती उचललीसुद्धा नाही.

"कोणाला सांगितलंस?"

हेच पहिलं वाक्य. 'हे काय आहे' असंही विचारलं नाही त्याने.

"दादा, तू?"

"बस. ऐक तरी." त्याने हात पुसले. "मागच्या बैठकीला किती माणसं होती? आठवतंय? त्यातली निम्मी पंख्याखाली बसायला आलेली. इतकी वर्षं घसा फोडून सांगतोय, मळेवाले जांभया देतात. आणि हा माणूस आला की सभागृह ओसंडतं! म्हटलं, नदीसाठी गर्दी जमतेय ना, जमू दे. त्याने लोकांना सांगायचं होतं की काठ राखा, मायची आज्ञा आहे. इतकंच ठरलं होतं आमचं."

"आणि त्याने सांगितलं, काठ नांगरा."

"मळेवाल्यांना काय गोड लागतं ते ओळखलं त्याने. उलटला."

"उलटला? लबाडी करायलाच आणलास ना त्याला? मग तुझ्याशी तरी कशाला खरं वागेल तो?"

दादाने धुतलेली नळी पुन्हा धुवायला घेतली.

"रविवारी उठून सांग लोकांना."

"आत्ता सांगितलं तर मंडळ संपेल. पुन्हा कोणी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. थोडं थांब. मी त्याला वळवतो."

"रविवारी पट्टी जाईल, दादा. माझा धाकटा तेच पाणी पितो."

"मला कळत नाही का? माझा भाचा आहे तो!"

लहानपणी मला भुताची भीती वाटायची, तर याच दादाने कंदील घेऊन मला चिंचेखाली नेलं होतं, फांदीवर अडकलेली कोणाची तरी बंडी दाखवली होती आणि म्हणाला होता, "घाबरायचं नाही. जवळ जाऊन बघायचं." त्या माणसाला मी प्रयोगशाळेत शोधत होते. समोर दुसराच कोणीतरी उभा होता, त्याच्याच चष्म्यातून माझ्याकडे बघत.

रविवारी बैठकीत मी धाकट्याला कडेवर घेऊन टेबलापाशी गेले. बाबा बरणीत रुमाल बुडवणार, इतक्यात म्हटलं, "बाबा, आज माझ्या भांडी पुसायच्या फडक्याने निवळवते. चालेल?"

हशा पिकला. बाबाही हसले. "बाई, श्रद्धेची गोष्ट आहे ही. खरकट्या फडक्याची नाही."

"फडकं धुतलेलं आहे. तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवलंय, तुमच्या रुमालासारखं."

मी ते बरणीत बुडवून ढवळलं, आणि कुजबुज सुरू झाली. आणि दादा उठला. मला वाटलं, आला माझा दादा!

तो लोकांकडे बघून हसला. मऊ आवाजात म्हणाला, "माफ करा मंडळी. माझी बहीण जरा थकलीय. घरात तान्हं मूल, झोप नाही, डोक्यात काहीबाही येतं. घरी जा गं तू, आराम कर."

बायकांनीसुद्धा माना डोलावल्या. 'होतं असं बाळंतपणानंतर,' कोणीतरी म्हणालं. माझे कान तापले. धाकट्याने माझ्या गळ्याला मिठी मारली होती, तिचा आधार नसता तर कदाचित मी खरंच घरी गेले असते.

"ठीक आहे," मी म्हटलं. "माझं ऐकू नका. आपापल्या पोराच्या मनगटावरची चिंधी जिभेला लावा."

आधी कोणी हललं नाही. मग शेजारणीने लावली. मग तिच्या मागचीने. बघता बघता सगळं सभागृह चिंध्या चाटायला लागलं आणि एकेकाचा ओठ आवळत गेला. एवढ्या माणसांचे एकदम चंबू झालेले मी जन्मात पाहिले नव्हते.

मागून आबा ओरडले, "अरे, ओळखली का चव? रोज गालावर फिरवतो मी तुमच्या!"

पुरुषांचे हात आपसूक गालांकडे गेले. कोणीतरी खो खो हसलं.

तोवर बरणीतलं पाणीही माझ्या फडक्याने निवळलं होतं. बाबा मात्र मुरलेले. दोन्ही हात पसरून म्हणाले, "तुरटी तर तुरटी! तीही मायनेच दिली. पाणी निवळलं की नाही? स्वच्छ झालं की नाही?"

आणि लोक पुन्हा डुलले. "ते खरंच की. झालं की स्वच्छ."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, चूक आमचीच होती. इतकी वर्षं आम्ही बाटल्या मांडल्या आणि लोकांना म्हटलं, डोळ्यांनी बघा, गढूळ म्हणजे वाईट. दिसायला निवळ म्हणजे चांगलं, हे त्यांनी त्यापुढे आपलं आपण लावून घेतलं.

मी पिशवीतून कुंड्यांसाठी ठेवलेला युरिया काढला. निवळलेल्या बरणीत मूठभर टाकला आणि तळचा गाळ न हलवता वरच्यावर ढवळला. पांढरे दाणे फिरले, विरघळले, दिसेनासे झाले. पाणी पहिल्यासारखंच आरपार.

"आता यात रुमाल बुडवा, बाबा. हवे तेवढे बुडवा. आणि मग एक पेला प्या."

बाबांचा आज नेमका उपास निघाला.

"पाण्याचाही?" शेजारणीने विचारलं.

"पाण्याचाच!" बाबा म्हणाले, आणि या वेळी हशा माझ्या बाजूने पिकला.

मळेवाल्यांतले थोरले काका उठले. सावकाश टेबलापाशी आले, बरणी फिरवून फिरवून पाहिली. मग ती दादासमोर धरली.

"मास्तर, माझी पोरं तुमच्या हाताखाली शिकली. तुम्ही सांगा. प्यायचं का हे?"

दादाने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"नाही," तो म्हणाला.

"आणि ती तुरटी? तुम्हाला ठाऊक होती?"

दादा पुन्हा स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला. सभागृह इतकं शांत झालं की धाकट्याचं अंगठा चोखणं ऐकू येत होतं. त्या शांततेत सगळ्यांना सगळं कळलं. मग उसळलेल्या गोंधळात बाबा आणि चेला मागच्या दाराने कधी गेले, कोणी पाहिलं नाही. गाठोडं तेवढं राहिलं.

काका रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, त्यांचा चेहरा उतरला, आणि ते बघणं जास्त जड गेलं. "तो बाबा परका होता, मास्तर," ते म्हणाले. "तुम्ही आमचे होतात."

काही मळेवाले उठून गेले. जाताना म्हणाले, मंडळवालेच असे तर आम्ही तरी करार का पाळायचा? काका थांबले. "पट्टी मी नांगरत नाही. पण यापुढे मास्तरांच्या शब्दावर नाही. पाण्यात विरघळलेलं कळतं अशी तपासणी असते ना? ती आम्हाला शिकवा. आम्ही आमच्या हाताने करू." त्यांनी हात वर केला. मागोमाग आणखी हात आले. सगळे नाही. विहिरीच्या वरच्या अंगाचे बहुतेक आले, तेवढ्यावर यंदाचं निभावेल.

दादा संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. मी त्याला ये म्हटलं, पाणी दिलं. उकळून गार केलेलं. तो ते हातात धरून बसला. भिंगरीने त्याच्या मांडीवर हात ठेवून विचारलं, "मामा, तू खोटं बोललास?"

"हो," तो म्हणाला. माझ्याकडे मात्र त्याला बघवलं नाही. 'थकलीय' हा शब्द आमच्या दोघांच्या मध्ये अजून तसाच आहे, तुरटीने खाली बसत नाही.

बाबा पुन्हा कुठेतरी उगवतील. रुमालाऐवजी राख असेल, राखेऐवजी अंगठी. त्यांना ओळखणं सोपं आहे, कारण ते परके असतात. अवघड जातं ते आपल्या माणसाला विचारणं. तरी विचारा. ज्याच्यावर माया आहे, ज्याने तुम्हाला बोट धरून शिकवलं, त्यालाही विचारा, हे कसं केलंस, दाखव. खरं असेल तर तो रागावणार नाही. आणि सत्कार्यासाठी थोडी लबाडी चालते असं कोणी म्हणालं, तर त्याला निवळलेल्या पाण्याचा पेला द्या आणि आधी तू पी म्हणा.

या महिन्यात टेबलावर बाटल्या पुन्हा मांडल्या. प्रत्येक बाटलीपुढे आता तपासणीची पट्टी ठेवतो, खत असलं की तिचा रंग बदलतो. वरच्या मळ्यांची पहिली बाटली काकांनी स्वतः आणली. भिंगरी खुर्चीवर चढली, नाक काचेला लावलं आणि म्हणाली, "दिसत नाहीये काही."

"म्हणूनच तपासायचं," मी म्हटलं, आणि पट्टी तिच्या हातात दिली.