आडवी रेघ

घडीमास्तरांच्या लाँड्रीत पावती मिळत नसे. वडिलांच्या काळापासूनची रीत होती ती, आणि मास्तरांना तिचा कोण अभिमान! कुणी पावती मागितलीच, तर ते दुखावल्यासारखा चेहरा करत आणि म्हणत, "पावती कशाला? आपण काय परके आहोत?" हे ज्याला ऐकावं लागे तो हटकून परकाच असे, कारण गल्लीतला माणूस पावती मागेलच कशाला?

गल्लीतल्या प्रत्येक घराची एक खूण ठरलेली होती. कॉलरच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने ती शिवायची. बेकरीवाल्यांचे तीन ठिपके, डॉक्टरांची शिडी, घड्याळवाल्यांची चंद्रकोर. शिवायचं काम मास्तरांच्या थोरल्या बहिणीकडे. ती विधवा होऊन माहेरी आली त्याला तीस वर्षं झाली होती आणि सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. साठ घरांच्या खुणा ताईच्या डोक्यात होत्या. वही नाही की चिठ्ठी नाही. कॉलर उलटी करायची खोटी, की ताई घर सांगे, कपडा घालणारा माणूस सांगे, आणि त्या माणसाचं हल्ली काय चुकतंय तेही न विचारता सांगे. मास्तर इस्त्री करत आणि घडी घालत. त्यांची घडी अशी की चार हात फिरली तरी मोडायची नाही. त्यावरूनच त्यांना घडीमास्तर नाव पडलं होतं.

पाच वर्षांपूर्वी पुलापलीकडे खोक्यांचा कारखाना निघाला आणि बाहेरचे लोक आले. ते आले आणि गल्लीला एकदम शिस्त आठवली. जे गटार तीस वर्षं तुंबत होतं ते आता बाहेरच्यांमुळे तुंबू लागलं. ज्या बाकाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं तो बाक "आमचा बाक" झाला. ज्यांनी कारखान्याशेजारच्या आपल्या जागेत पत्र्याच्या खोल्या बांधून दुप्पट भाड्याने दिल्या, तेच संध्याकाळी बेकरीसमोर उभे राहून म्हणत, गावाचं आता काही खरं नाही.

लाँड्रीचं मात्र उलट झालं होतं. गल्लीतल्या पोरांनी घरोघर इस्त्र्या आणल्या होत्या, म्हाताऱ्यांना इस्त्रीची गरज उरली नव्हती, आणि धंदा शेवटचे आचके देत होता. त्याला वाचवलं ते बाहेरच्यांच्या गाठोड्यांनी. कारखान्यात धुवट, कडक कपडे लागत आणि पत्र्याच्या खोलीत इस्त्री लावली की घरमालक ओरडे. हे मास्तरांना माहीत होतं, ताईलाही माहीत होतं. ते एकमेकांशी त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

पहिलं गाठोडं आलं तेव्हा मास्तरांनी विचारलं होतं, "ताई, यांना कुठली खूण?"

"खूण घराची असते," ताई म्हणाली. "यांना घर कुठाय? आज आहेत, उद्या नाहीत. एकदा दिलेली खूण दुसऱ्याला देता येत नाही, उगाच कशाला वाया घालवायची? सगळ्यांना एक आडवी रेघ मारते."

मास्तरांनी मान डोलावली. वाद घालायचा स्वभावच नव्हता त्यांचा, आणि खरं सांगायचं तर सोय त्यांचीही होत होती. रेघेचे कपडे खालच्या फळीवर, एका ढिगात. माणूस आला की आपला कपडा ओळखून उचलून नेई. तीन महिन्यांत कुणी आलं नाही, की ते कपडे फाडून पुसायला घ्यायचे, नाहीतर इस्त्रीच्या टेबलाच्या अस्तरात घालायचे. गल्लीतले न नेलेले कपडे मात्र वरच्या फळीवर कागदात गुंडाळून असत. घड्याळवाल्यांचा मुलगा परदेशी गेला त्याला अकरा वर्षं झाली होती. त्याचे दोन शर्ट मास्तर दर वर्षी उघडून नव्याने घडी घालून ठेवत. आपला तो बाब्या, हे लोक काही उगाच म्हणत नाहीत.

त्या दिवशी सकाळी लाँड्री उघडून तासभर झाला असेल. कारखान्यातली एक बाई आली. तिच्या बोटांना खोक्यांचा डिंक वाळून पांढरा झाला होता. मास्तरांनी तिला पाहिलं होतं, पण सगळ्या बाहेरच्यांना पाहावं तसं, म्हणजे न पाहिल्यासारखंच.

"मालकांनी शर्ट टाकला होता इथे," ती म्हणाली. तिची बोलायची ढब वेगळी होती, पण कळत होतं. "पांढरा, बारीक निळ्या रेघांचा. तिसरं बटण मी लावलंय, तपकिरी दोऱ्याने. तो पाहिजे."

"कधी टाकला होता?"

"साडेचार महिने झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. मग राहूनच गेलं." तिने टेबलावर हात टेकला. "काल संध्याकाळी गेले ते. चार वाजता गाडी निघणार. आमच्याकडे न्यायचंय त्यांना."

मास्तरांच्या हातातली इस्त्री तशीच राहिली.

"लग्नातला शर्ट आहे," ती म्हणाली. "त्यांनीच सांगून ठेवलं होतं. घरी नेशील तेव्हा तोच घाल म्हणाले, इथे आलो तसाच परत जाईन. घरमालक म्हणतात खोलीवर आणू नका, बाकीचे भाडेकरू घाबरतात. म्हणून दवाखान्यातनंच नेणार. तेवढा शर्ट द्या."

"आहे, इथेच असणार," मास्तर म्हणाले. "कुठे जातोय? मी शोधून ठेवतो. तुम्ही चारच्या आत या."

ती गेली. मास्तरांनी खालची फळी रिकामी केली. एकेक कपडा झटकला. निळ्या रेघांचा शर्ट नव्हता.

"नेला असेल कुणीतरी," ताई सुईत दोरा ओवत म्हणाली. "ते सगळे एकमेकांचे कपडे घालतात."

"तिचा नवरा गेलाय गं."

"ऐकलं मी. बहिरी नाही." मग दोऱ्याला गाठ मारून म्हणाली, "वाईट झालं. पण आपण काय करणार?"

मास्तरांनी पायात चपला सरकवल्या आणि निघाले. पाच वर्षांत ते पहिल्यांदाच पूल ओलांडून त्या खोल्यांकडे गेले. एकाला लागून एक अशी चाळीसेक दारं, सगळ्यांना तोच हिरवा रंग. कुणाचं नाव घेऊन हाक मारावी ते त्यांना सुचेना. ज्यांचे कपडे पाच वर्षं हातातून गेले, त्यांतल्या एकाचंही नाव त्यांना येत नव्हतं.

पहिल्या दारातल्या माणसाने कानावर हात ठेवले. "त्या बाईला आम्ही ओळखत नाही. ती वरच्या भागातली. आम्ही समुद्राकडचे."

दुसऱ्या दारातली म्हातारी म्हणाली, "त्या रांगेत विचारा. तिकडे सगळे बाहेरचे राहतात."

दुसरी वेळ असती तर मास्तर हे गल्लीत चवीने सांगत सुटले असते. आता त्यांना हसू आलं नाही. बाहेरचे म्हणजे सगळे एक, एकाच मुशीतून निघालेले, असं ते धरून चालले होते. इथे शेजारच्या दाराला शेजारच्या दाराची भाषा कळत नव्हती आणि प्रत्येक जण आपला एकटाच होता.

पुढच्या दारातल्या माणसाने मात्र सगळे कपडे बाहेर आणून दाखवले. मास्तरांनी कॉलरी उलट्या केल्या. प्रत्येकात लाल आडवी रेघ. ताईचा टाका सगळीकडे एकसारखा सुबक होता.

"ही पँट माझी नाही," तो माणूस म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून आली. माझी कुणाकडे गेली, देव जाणे."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुमच्या ताई म्हणाल्या, तुमचंच आहे, नीट बघा." तो ओशाळं हसला. "मग घातली. वाद घालून कुठे जाणार?"

मास्तरांनी तेवीस दारं वाजवली. काही उघडली, काही उघडली नाहीत. परत आले तेव्हा तीन वाजून गेले होते, तोंडाला कोरड पडली होती, आणि ताई टेबलापाशी बेकरीवाल्यांच्या शर्टावर पाणी शिंपडत होती.

"मिळाला?"

"नाही."

"मग फाडला असशील तूच," ती सहज म्हणाली. "मागच्या महिन्यात टेबलाचं अस्तर बदललंस की. तेव्हा पाच-सहा फाडलेस. बटणं मी डब्यात टाकली."

"कुठले फाडले?"

"रेघेचे. दुसरे कुठले फाडणार?"

मास्तरांनी बेकरीवाल्यांचा शर्ट बाजूला केला आणि टेबलावरची चादर उचलली. खाली घोंगडं होतं, आणि घोंगड्यावर चार कोपऱ्यांना टाके घालून पक्कं केलेलं निळ्या रेघांचं कापड. पाठीचा भाग होता तो. मधोमध इस्त्रीच्या आचेने पिवळा पडला होता. एका कडेला पुढच्या भागाची पट्टी जोडली होती आणि तिच्यावर तपकिरी दोऱ्याचं एक टोक राहिलं होतं.

सकाळी ती बाई इथेच हात टेकून उभी होती. महिनाभर ते रोज या शर्टावर दुसऱ्यांचे शर्ट शेकत होते. आणि फाडला होता तो त्यांनीच, कडा सरळ याव्यात म्हणून आधी कात्रीने चीर देऊन, किती नीट!

घड्याळात साडेतीन वाजले. मग मास्तर स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं. घड्याळवाल्यांच्या मुलाचा शर्ट. पांढरा, बारीक निळ्या रेघांचा.

"खाली ठेव तो," ताई म्हणाली.

"तिला कळणार नाही."

"आपल्या पोराचा शर्ट परक्याच्या मढ्यावर घालणार तू? घड्याळवाल्यांना काय तोंड दाखवशील?"

"तो येणार नाहीये, ताई. अकरा वर्षं झाली. तुलाही माहितीय."

मास्तरांनी पात्याने चंद्रकोरीचे टाके उसवले. घाईघाईने तिथे आडवी रेघ ओढली. मग तिसरं बटण कापलं आणि तपकिरी दोऱ्याने पुन्हा लावलं. हे करताना त्यांना बरं वाटत होतं, हीच त्यातली सगळ्यात लाजेची गोष्ट. आपण त्या बाईसाठी काहीतरी करतोय असं त्यांना वाटत होतं. त्यांनी चादर परत अंथरली, इस्त्री केली आणि आयुष्यातली सगळ्यात चांगली घडी घातली.

ती चारला दहा कमी असताना आली. तिने शर्ट हातात घेतला आणि जे आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाने त्यांच्यासमोर केलं नव्हतं ते केलं. घडी मोडली. शर्ट टेबलावर पसरला. बटणाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. खांद्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हा त्यांचा नाही. त्यांचे खांदे एवढे नव्हते."

मास्तरांनी शर्टाची कड सरळ केली.

"कुणाचा आहे?"

खोटं तोंडावर आलं होतं. गेली वीस मिनिटं ते तेच घोकत होते. पण तिचा आवाज इतका थकलेला होता, की ते सांगायला त्यांची जीभ उचलेना.

"घड्याळवाल्यांच्या मुलाचा. तो परदेशी गेला."

"कधी?"

"अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षं ठेवलात?"

"हो."

"आणि आमचा?"

मास्तरांनी शर्ट बाजूला सरकवला आणि चादर उचलली.

ती बघत राहिली. ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मास्तरांनी त्या पदरात घेतल्या असत्या. ताईसुद्धा खाली मान घालून बसली होती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"काढून द्या," बाई म्हणाली.

मास्तरांनी चारी कोपऱ्यांचे टाके कापले. पाठ निघाली, पुढची पट्टी निघाली. कॉलर आणि बाह्या कधीच पुसण्यात गेल्या होत्या. त्यांनी ते तुकडे हातात घेतले आणि हातांना दुसरं काही येतच नव्हतं, म्हणून ते आपोआप घडी घालू लागले. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा.

"घडी नको," ती म्हणाली आणि तुकडे ओढून घेतले. छातीशी धरून ती पायऱ्या उतरली. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

बेकरीवाली काकू त्याच वेळी शर्ट न्यायला आली. तिने रस्त्याकडे पाहत विचारलं, "कोण गं ती?"

ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "पलीकडची आहे कुणीतरी. नाव माहीत नाही."

"हल्ली कोण कुठून येतं, काही कळत नाही बाई," काकू म्हणाली. "शर्ट झाला का आमचा? पाचला निघायचंय त्यांना."

शर्ट झाला नव्हता. मास्तरांनी इस्त्री लावली. घोंगडं आता उघडं पडलं होतं, त्याची लव पांढऱ्या कपड्याला चिकटली असती. ताई चंद्रकोरीसाठी सुईत लाल दोरा ओवत होती, आणि दोरा सुईत जात नव्हता.

"अस्तर लागेल," ती मान वर न करता म्हणाली. "खालच्या फळीवरचं काहीतरी घे."

मास्तर वाकले. ढिगातून एक सदरा हाताला लागला, मऊ, खूप धुतलेला. त्यांनी कॉलर उलटी करून पाहिली. लाल आडवी रेघ होती. किती दिवस झाले याला, कुणी टाकला होता, तो माणूस कसा दिसतो, काहीच त्यांना आठवेना. काकू दारात उभी होती. इस्त्री तापली होती.